शून्याचं टोक

३ मार्च, सोमवार

निवृत्त होऊन आज चार महिने झाले. मोजणीचं ऑफिस सोडताना नोंदींचं एक कोरं फील्डबुक उचलून आणलं होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत न विचारता घरी आणलेली ती एकमेव सरकारी वस्तू. त्यात रोजचं काही लिहायचं असं ठरवलं होतं. आतापर्यंत लिहिलेलं एवढंच, 'सकाळी फिरायला गेलो.' बावीस वेळा.

आज मात्र लिहिण्यासारखं घडलं. ताई आली. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. एकटी राहते आणि कुणाकडेही फोन न करता जाते. आली ती चपला काढायच्या आत एक पत्र माझ्यासमोर टाकलं.

"मोठ्याने वाच."

"तू वाचलं नाहीस?"

"त्यात काय आहे ते मला माहितीय. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

पत्र पुरातत्त्व खात्याचं होतं. गावामागच्या टेकडीवर पडक्या भिंती आहेत. तो सहा-सातशे वर्षांपूर्वीचा छोटा किल्ला आहे असं ताई तीस वर्षं सांगत आली आहे. दर वर्षी वर्गाला वर नेऊन दाखवायची. गावात तिला 'किल्लेवाली बाई' म्हणतात, आणि म्हणताना हसतात. आता ती टेकडी दगडाच्या खाणीसाठी मागितली गेली आहे. ताईने हरकत घेतली, तिचं हे उत्तर. 'सदर अवशेष शेताचे जुने बांध व गुरांचा कोंडवाडा असल्याचे दिसते. अर्जदाराचे म्हणणे वेगळे असल्यास मोजणीचा नकाशा व पुरावा घेऊन १५ एप्रिल रोजी सुनावणीस हजर राहावे.'

"कोंडवाडा!" ताई म्हणाली. "दोन मीटर जाडीच्या भिंतीत काय हत्ती कोंडत होते? धाकट्या, मला नकाशा काढून दे."

माझी साठी उलटली तरी मी धाकट्याच. मी म्हटलं, गुडघे दुखतात, यंत्रं ऑफिसात राहिली, आता हे वय नाही.

"टेप आहे ना?"

"आहे."

"होकायंत्र?"

"आहे."

"मग झालं तर. तीस वर्षं मी तो तुकड्यातुकड्यांनी बघतेय. एकदा कागदावर अख्खा बघायचाय. आणि लवकर."

'आणि लवकर' हे कशाला? तारीख पत्रातच लिहिलेली आहे. पण ताईला प्रत्येक गोष्टीची घाई, आणि ती दुसऱ्याने करायची. आत स्वयंपाकघरात बायको हसत होती.

५ मार्च, बुधवार

चढलो. पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास मी दगडांवर बसून काढला. ताई पुढे. पाय टाकायला कचरत नाही, वाट तळपायांना पाठ आहे तिच्या.

वर गेल्यावर प्रामाणिकपणे सांगायचं तर माझा विरसच झाला. कुठे गुडघ्याएवढी, कुठे छातीएवढी भिंत, तिच्यावर वेलींचं रान माजलेलं. मधे सपाट, दोन-तीन ढिगारे. एक खड्डा, त्याला ताई पाण्याचं टाकं म्हणते. हा कोंडवाडा नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकलो नसतो. ताईला तसं बोललो नाही. ती भिंतीला हात लावून उभी होती, एखाद्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

काम कसं करायचं ते ठरवलं. भिंत फिरून परत येते, तिचे अकरा कोपरे. एका कोपऱ्यावरून निघायचं, प्रत्येक बाजूची लांबी टेपने आणि दिशा होकायंत्राने घ्यायची, असं करत पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर यायचं. टेपचं शून्याचं टोक कोपऱ्यावर वाकून धरावं लागतं. दुसऱ्या टोकाला उभं राहून वाचायचं असतं.

ताई म्हणाली, "शून्य मी धरते."

मी म्हटलं, "छे! तू मोठी. तू वाकणार आणि मी ताठ उभा राहणार? शोभतं का?"

"धाकट्या, मी धरते म्हटलं ना."

"वाचायचं काम मानाचं असतं, ताई. ते तुझं."

तिने टेपचं दुसरं टोक उचललं. मोठ्या बहिणीचा मान ठेवल्याचं समाधान घेऊन मी खाली बसलो. आता लिहिताना गुडघा ठणकतोय.

९ मार्च, रविवार

चार बाजू झाल्या. आमच्या खात्यातली पद्धत ताईला शिकवली. वाचणाऱ्याने आकडा सांगायचा, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. म्हणजे चूक होत नाही. माझ्या फील्डबुकात चौतीस वर्षांत खाडाखोड नव्हती, ती या पद्धतीमुळे.

ताई वाचायला फार वेळ लावते. टेप नाकाजवळ धरते, मान वाकडी करते, वास घेतेय असंच वाटतं. चष्मा बदल म्हटलं तर म्हणाली, "बदललाय." शिवाय बोलताना ती माझ्या तोंडाकडे बघत नाही, कानाकडे बघते. आज दोनदा मी कान पुसला. लहानपणी रागावली की असंच दुसरीकडे बघत बोलायची. मानाचं काम दिलं तरी रागच.

वर शेळ्या चारणारी एक म्हातारी येते. ती ताईला लांबूनच हाक मारते, "बाई, मी गं, शेळीवाली!" रोज. चार पावलांवर येऊन पुन्हा, "मी आहे बरं का." तिला वाटतं तिला कुणी ओळखत नाही की काय.

१२ मार्च, बुधवार

नकाशाच्या कागदावर बोलायला ताईकडे गेलो होतो. चहा केला तिने. साखरेच्या डब्याला एक रबरबँड, मिठाच्या डब्याला दोन. भूगोलाच्या बाई, डब्यांचीही वर्गवारी. मी हसलो तर तीही हसली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही ताईंकडे नीट बघता का?"

मी म्हटलं, "रोज चार तास बघतो. आणखी किती बघू?"

ती भाजी चिरायला लागली. तिला वाटतं मी ताईशी चिडून वागतो. वागत असेनही. ताईही कमी नाही.

१६ मार्च, रविवार

आज अकरावी बाजू संपली. दुपारभर टेबलावर बसून आकडे कागदावर उतरवले. जिथून निघालो तिथे रेघ परत यायला हवी. नाही आली. पाच मीटरची फट.

दहा-वीस सेंटीमीटर समजू शकतो, होकायंत्र थोडं हलतं. पण पाच मीटर! माझ्या नकाशाला! तीन वेळा हिशोब केला. बायकोने चहा ठेवला, तो तसाच थंड झाला. ऑफिसात नव्या पोरांच्या अशा फटी मी सगळ्यांसमोर दाखवायचो, आज ते आठवून कानाची पाळी तापली.

पण फट कोणत्या दिशेला उघडी राहिली ते बघितलं की कोणती बाजू फसली ते बहुतेक वेळा कळतं. ही फट बरोबर सातव्या बाजूच्या रोखाने आहे.

१८ मार्च, मंगळवार

ताईला न सांगता एकटाच वर गेलो. शून्याच्या टोकावर दगड ठेवला आणि सातवी बाजू मोजली. टेपवर 13.40. माझ्या वहीत 18.40. ताईने तीनाचा आठ वाचला, मी विश्वासाने परत म्हटला, विश्वासाने लिहिला. आमची पद्धत ऐकण्यातली चूक पकडते. पण वाचणाराच चुकला तर?

उतरून तडक तिच्या घरी गेलो आणि बोलू नये ते बोललो. माझं नाव खराब झालं असतं, पंधरा तारखेला तोंडघशी पडलो असतो, तुला हे काम म्हणजे शाळेची सहल वाटते का. ताईने सगळं ऐकून घेतलं. एरवी एका वाक्याला तिची चार वाक्यं तयार असतात.

"लक्ष नव्हतं रे माझं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आता तरी मला शून्य धरू दे."

एवढ्या नमतेपणाने ती आयुष्यात माझ्याशी बोललेली नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. घरी येताना उगाच तिच्या आवडीची संत्री घेतली आणि ती आता आमच्याच घरात पडली आहेत.

२३ मार्च, रविवार

सगळ्या बाजू पुन्हा मोजायला घेतल्या. ताई शून्य धरते, मी वाचतो आणि मीच लिहितो. भराभर काम होतं. शून्य ती असं धरते की तसूभर हलत नाही. बोटांनी कोपऱ्याचा दगड चाचपते, टेपची कडी त्यावर बसवते, वर अंगठा दाबते आणि ओरडते, "धरलं!" इतकं घट्ट शून्य आमच्या खात्यात कुणी धरलेलं मी पाहिलं नाही. हे तिला सांगितलं. लाजली चक्क.

एक गोष्ट इथे कबूल करतो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. उत्तरेच्या बाजूला बाहेरून काटेरी जाळी आहे, माणूस शिरू शकत नाही. आतल्या बाजूने दगडांची रास कोसळलेली. मी दोन्ही टोकांचे कोपरे घेतले आणि मधे सरळ रेघ मारली. मधले ठिकठिकाणचे टप्पे घ्यायला हवे होते. ऊन होतं, गुडघा होता, आणि भिंत सरळच दिसत होती. कुणाला कळणार आहे?

२९ मार्च, शनिवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

नकाशा झाला तरी पुरावा नव्हता. पंधरा दिवस राहिले. ताई अलीकडे भिंतीवरून हात फिरवत चालते, वेलींच्या आत हात घालून. मी चिडवलं, "कुरवाळतेस काय, ती काय म्हैस आहे?"

"तू तुझं मोज."

मी टाक्याची खोली घेत होतो. तेवढ्यात तिची हाक. माझ्या नावाने. धाकट्या नाही, माझ्या खऱ्या नावाने. धावत गेलो. पूर्वेच्या बाजूला, जिथे भिंत अचानक तुटते आणि आम्ही 'पडझड' लिहून पुढे गेलो होतो, तिथे ताई भिंतीला गाल टेकून उभी. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत भिंतीत होता.

"ताई! साप असेल, विंचू असेल!"

"धाकट्या, आत भोक आहे. चौकोनी. चारही बाजू घडवलेल्या. गुळगुळीत आहे रे. हाताला शेवट लागत नाही."

मी वेली बाजूला केल्या. त्या जागेवरून मी निदान चाळीस वेळा गेलो असेन. डोळ्यांना तिथे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मोजणीची दांडी आत सरकवली. जाते आहे, जाते आहे. टेकली तेव्हा खूण केली आणि बाहेर काढून मोजली. दोन मीटर साठ.

ताई शाळेत उभी राहायची तशी उभी राहिली. "मोठ्या दाराला आतून आडवा ओंडका लावतात. अडसर. दार उघडायचं असलं की तो ओंडका ठेवणार कुठे? भिंतीतच. अख्खा आत सरकवून ठेवायचा. त्यासाठी एवढी खोल खोबण लागते. गुरांच्या कोंडवाड्याला अडसर कोण भिंतीत लपवतं?"

माझं डोकं एकदम चालायला लागलं. ओंडका दोन मीटर साठ, तर दार त्याहून थोडं कमी रुंद. पलीकडच्या बाजूला, याच उंचीवर, ओंडक्याचं टोक अडकायला एक उथळ खाच असणारच. म्हणजे भिंत तुटते तिथून साधारण अडीच मीटरवर. तिथे आता मातीचा उंचवटा आणि झुडपं.

"उद्या खुरपं आणतो," मी म्हटलं.

"आज नाही आणलंस?" ताई म्हणाली. पण रडत होती.

३० मार्च, रविवार

सापडली. दोन मीटर चाळीसवर. उंची खोबणीशी एका बोटाच्या फरकाने जुळते. मी झुडपं काढून माती खरवडली आणि ताईचा हात धरून त्या खाचेत ठेवला. का कोण जाणे, 'बघ' म्हणण्याऐवजी तिचा हातच धरला मी. तिने सगळ्या कडा चाचपल्या आणि म्हणाली, "हं. हेच."

शेळीवाली म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी दरवाजातून जात होते की!"

८ एप्रिल, मंगळवार

नकाशा पूर्ण. माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा, हे मी स्वतः म्हणतो. केसासारख्या रेघा, भिंतीची जाडी तिरप्या रेघांनी भरलेली, वर डाव्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण. त्या बाणावर एक अख्खी सकाळ गेली.

ताई पहिल्यापासून सांगत होती, "जाड पेनाने काढ. काळाकुट्ट." मी तिला समजावलं की तो वर्गातला भिंतीवरचा नकाशा नव्हे. आज तिला दाखवला. तिने तो खिडकीपाशी नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मान इकडून वाकडी केली, तिकडून केली. मग म्हणाली, "छान झालाय."

बस? छान झालाय? पाच आठवडे, गुडघे, अडसर, आणि छान झालाय? मला फार वाईट वाटलं. तिनेच म्हटलं होतं ना, एकदा अख्खा बघायचाय म्हणून.

मग तिने वेगळंच काहीतरी विचारलं. "डाव्या खालच्या कोपऱ्यापासून दरवाजा किती वितींवर आहे?" माझ्याकडे पट्टी असताना विती? मी म्हटलं, दोन विती उजवीकडे, एक वीत वर. तिने तीन-चार वेळा स्वतःच्या हाताने मोजून बघितलं. सुनावणीची तयारी म्हणे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं घोकतात तशी पुटपुटत होती.

१५ एप्रिल, मंगळवार

हे आजच लिहिलं पाहिजे.

अधिकारी बाई तिशीतल्या, नीटनेटक्या, वेळेवर हजर. खाणवाले गृहस्थ एका बाजूला फाइल घेऊन बसलेले. आम्ही टेबलाच्या अलीकडे, बाई पलीकडे. शिपायाने नकाशा टेबलावर पसरला, अर्थातच साहेबांच्या बाजूने. म्हणजे आमच्याकडून उलटा.

बाईंनी तो बराच वेळ बघितला. "मोजणी कुणाची?" मी मान वर केली. "सुरेख आहे," त्या म्हणाल्या. मी फुललो. मग त्या ताईकडे वळल्या. "अर्ज तुमच्या नावाने आहे. गेल्या आठवड्यातल्या तुमच्या पत्रात दरवाजाचा उल्लेख आहे. नेमका कुठे? दाखवा बरं."

ताई उठली. डाव्या हाताने टेबलाची कड चाचपली, मग कागदाची, मग डावीकडचा कोपरा. दोन विती उजवीकडे. एक वीत वर. बोट टेकवलं. आणि ठाम आवाजात म्हणाली, "हा दरवाजा. दोन मीटर चाळीस सेंटीमीटर रुंद."

तिचं बोट उत्तरेच्या बाणावर होतं.

चौतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. बांध एक हात सरकला तर लांबून सांगायचो. आणि हे मला आज कळलं, भरल्या खोलीत, एका क्षणात. कान. अठरा. 'मोठ्याने वाच.' डब्यांचे रबरबँड. 'मी गं, शेळीवाली.' जाड पेनाने काढ, जाड पेनाने काढ, किती वेळा म्हणाली होती! मला तिथेच रडू फुटेल असं वाटलं.

खाणवाले गृहस्थ मान पुढे काढून बघत होते. बाईंच्या कपाळावर आठी आली.

मी उठलो. "माफ करा साहेब," म्हटलं, "नकाशा उलटा लागलाय. आमच्या खात्यात नकाशाचा पाया बोलणाऱ्याकडे ठेवायची पद्धत आहे." अशी कुठलीही पद्धत नाही. "ताई, बोट जरा उचल."

तिने उचललं. हात हवेत तसाच थांबला. त्या थांबलेल्या हाताकडे बघवेना. मी कागद उलटा फिरवला, कडा टेबलाला होत्या तशा लावल्या आणि म्हटलं, "हं. दाखव आता."

तिने पुन्हा कोपऱ्यापासून दोन विती घेतल्या, एक वीत वर घेतली. बोट टेकलं ते दरवाजाच्या बरोबर मधोमध. माझ्या पट्टीनेही यापेक्षा नेमकं पडलं नसतं.

आता नकाशा बाईंना उलटा झाला होता. त्या खुर्चीवरून उठल्या, टेबलाला वळसा घालून आमच्या बाजूला आल्या आणि ताईच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. मग ताई बोलत गेली. खोबण कशी आहे, आत हात घातल्यावर कडा कशा लागतात, छिन्नीचे घाव कोणत्या दिशेचे, समोरची खाच किती उथळ. कागदाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. असा पाऊण तास गेला. शेवटी बाई म्हणाल्या, "मला प्रत्यक्ष बघायचंय. उद्याच येते. तोवर टेकडीला कुणी हात लावायचा नाही."

बाहेर आल्यावर जिन्यात मी ताईचा हात धरला. तिने धरू दिला.

१६ एप्रिल, बुधवार

अधिकारी बाई सकाळी वर येऊन गेल्या. त्यांनीही खोबणीत खांद्यापर्यंत हात घातला. कपडे मळले त्यांचे. उतरताना शेळीवालीला म्हणाल्या, "किल्ल्यात शेळ्या सांभाळून चारा."

संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. साखर तिने बरोबर घातली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं. मधलं पुसत गेलं, कडा राहिल्यात. समोर बघितलं की धुकं, बाजूला बघितलं की थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. आपल्या किल्ल्यासारखंच झालंय. मधलं गायब, बाहेरची भिंत शिल्लक."

"आणि हिला माहीत होतं?"

"तुझ्या बायकोला पहिल्याच महिन्यात कळलं. मीच तिला शपथ घातली."

"मला का नाही सांगितलंस, ताई?"

"तू मोजायला लागला असतास. आज किती दिसतंय, काल किती दिसत होतं, फरक किती. आणि मला टेकडीवर जाऊ दिलं नसतंस."

खरं आहे. खुर्चीत बसवलं असतं मी तिला, शाल पांघरून.

मी अठरा मार्चला जे बोललो त्याबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "संत्री आणलीस का? तेव्हापासून वास येतोय तुमच्या घरात." मी म्हटलं, ती संपली. मग मी रडलो. ती माझ्या कानाकडे बघत बसली आणि मी या वेळी कान पुसला नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

पत्र आलं. मी ताईला मोठ्याने वाचून दाखवलं, तिच्या सांगण्यावरून तीन वेळा. टेकडी संरक्षित म्हणून नोंदली जाणार, खाणीचा अर्ज नामंजूर. शेवटी आमच्या दोघांची नावं, 'मोजणी व शोध' म्हणून. 'शोध' ताईचा.

पण एक गोष्ट मला गेला आठवडाभर टोचत होती. ती किल्ला अख्खा बघणार होती. नकाशा खात्याने ठेवून घेतला, खाणवाल्यांनी बघितला, शिपायानेही बघितला. तिने नाही.

म्हणून पाच दिवस बसून दुसरा नकाशा केला. जाड पुठ्ठा. भिंतीच्या जागी सुतळी चिकटवली, टाक्याच्या जागी बटण. दरवाजाच्या जागी सुतळी तोडली आणि दोन्ही बाजूंना काडीचे तुकडे लावले. बायकोने सुतळी धरली, मी गोंद लावला. एकाही आकड्याशिवाय काढलेला माझा पहिला नकाशा. आज तो ताईच्या मांडीवर ठेवला.

दोन्ही हातांची बोटं दरवाजातून आत शिरली, टाक्यापाशी थांबली, मग भिंतीवरून सावकाश फिरायला लागली. पूर्ण वेढा घातला. पुन्हा घातला. ओठ हलत होते तिचे.

"केवढा आहे रे," म्हणाली. "मला वाटलं त्यापेक्षा केवढा मोठा आहे."

त्यानंतर बोटं उत्तरेच्या बाजूला थांबली. मागे गेली. परत आली.

"धाकट्या, इथे सुतळी सरळ का आहे?"

"कारण भिंत सरळ आहे."

"कोण म्हणतं? मी आतल्या राशीवरून हात फिरवत गेलेय. मधे भिंत बाहेर जाते, पोट आल्यासारखी, आणि परत आत येते. तू इथे मोजलंच नाहीस."

चौतीस वर्षांत मला कुणी पकडलं नव्हतं. मी कबूल केलं, जाळी, ऊन, गुडघा, सगळं. ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"म्हणजे मी तीनाचा आठ केला आणि तू बुरूज गिळलास," म्हणाली. "रविवारी जायचं. कोयता घे."

२७ एप्रिल, रविवार

गेलो. बायकोही आली, गुडघ्यासाठी काठी आणि तिघांसाठी डबा घेऊन. जाळी तोडायला दोन तास लागले. भिंत खरोखरच बाहेर येते, छान गोलाईत. बुरूजच आहे.

ताईने आता मला उभं कुठे राहायचं ते सांगून ठेवलंय. तिच्या डावीकडे, थोडं मागे. तिथून मी तिला दिसतो, अर्धा. "अर्धाच बरा दिसतोस," म्हणते.

आमची पद्धतही बदलली. मी वाचायचं, तिने परत म्हणायचं, मग मी लिहायचं. ती कोपऱ्यावर वाकली, दगड चाचपला, कडी बसवली, अंगठा दाबला.

"धरलं!"

मी टेप ताणला आणि वाचलं, "एक मीटर नव्वद."

"एक मीटर नव्वद," ताई म्हणाली.

मग मी लिहिलं.